शिगवणांच्या नावाचं पाणी

दुबईहून आले म्हटल्यावर आमच्या आळीत पहिला प्रश्न सोन्याचा. स्वस्त असतं का, किती आणलं, बांगड्या दाखवा. दुसरा प्रश्न उन्हाचा. मी तीन महिने राहून आले, सोनं दुकानाच्या काचेतून पाहिलं, ऊन भरपूर पाहिलं, पण मला सांगायचंय ते तिसरंच. तिथे मी एका घरपट्टीचा माग काढत फिरले. हसू नका. आपल्याकडे घरपट्टी म्हणजे काय, मार्चात ग्रामपंचायतीचा शिपाई दारात येतो, आपण कुरकुरत पैसे देतो, पावती डब्यामागे जाते. परक्या मुलखात, भाड्याच्या घराची घरपट्टी कोणी भरली ह्यावरून माझी सून आणि नात देशाबाहेर जायची वेळ येईल, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

आधी घरची माणसं सांगते. मुलगा प्रशांत, दुबईत नऊ वर्षं, इमारतींचे नकाशे काढतो. सून मृणाल. नात रेवा, सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी 'जेवलीस का' विचारायचं आणि तिनं 'येस आजी, लाँग अगो' म्हणायचं. इतकी वर्षं ही मंडळी शेजारच्या शारजाला कंपनीच्या जागेत होती. ह्या वर्षी प्रशांतनं कंपनी बदलली, तेव्हा जागा गेली आणि जुन्या नोकरीच्या जोरावर असलेला मृणाल-रेवाचा व्हिसाही गेला. नवा व्हिसा लागायला नवऱ्याच्या नावानं घराचा करार लागतो आणि त्या करारावर पालिकेचा शिक्का. मी पोचले तेव्हा शिक्क्याला अठरा दिवस उरले होते. एकोणिसाव्या दिवशी दोघींना विमानात बसावं लागणार, आणि रेवाची शाळा अर्धी तिथेच.

"होऊन जाईल गं आई, इन्शाल्ला," प्रशांत म्हणाला. तिथे सगळेच इन्शाल्ला म्हणतात. म्हणाले की समजावं, आज काही होत नाही.

कुसैस

घर कुसैस भागात, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी बाल्कनी. बाल्कनीसमोर नुसती वाळू, डोक्यावरून दर पाच मिनिटांनी विमान, इतकं खाली की चाकं मोजावीत. वाळूपलीकडे बुटक्या पांढऱ्या इमारती. संध्याकाळी तिकडे पांढऱ्या बसगाड्यांची रांग जायची आणि प्रत्येक खिडकीला एकेक माणूस डोकं टेकून झोपलेला.

"तिकडे काय आहे रे?"

"सोनापूर."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. मुंबईत अमक्याला सोनापूरला नेलं म्हटलं की मसणात नेलं हे आपल्याला कळतं.

"तसं नव्हे, कामगारांचे कॅम्प आहेत. कागदावर मुहैस्नाह. सोनापूर नाव कुणी पाडलं माहीत नाही."

पाडणारा आपल्या मुलखातला नसेल, किंवा असला तर फार कडू जिभेचा असेल.

बाल्कनीत एक कुंडी होती. पानओव्याची. जाड, लवदार पानं, बोटानं चोळलं की वास घरभर. समोरच्या इमारतींच्या बाल्कन्यांतून टीव्हीच्या थाळ्या आणि वाळत घातलेले लेंगे, हिरवं म्हणून एक पान नाही, आणि आमचा ओवा कसा भरगच्च. माती हाताला ओली लागली.

"मृणाल, छान जपलायस गं ओवा."

"मी? कुंडी आम्ही यायच्या आधीपासून आहे. पाणी तुम्हीच घालता ना रोज?"

मला येऊन तीनच दिवस झाले होते आणि मी पाणी घातलं नव्हतं. "मग मी यायच्या आधी कोण घालायचं?"

"हे घालत असतील."

संध्याकाळी प्रशांतला विचारलं, तर घरात कुंडी आहे हेच त्याला माहीत नव्हतं. आम्ही हसलो आणि कनद तळायला घेतलं. सुरमईला तिथे कनद म्हणतात. मासा ताजा, पण आपल्या समुद्राची चव नाही. कोकम मी नेलं होतं म्हणून निभावलं.

तिथली दुपार मात्र मला मानवली नाही. आपल्याकडे भर दुपारी विहिरीवर एकटं जाऊ नये म्हणतात. तिथे विहीर नाही, पण मे महिन्यात बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मृणाल दार लावून एसीत झोपायची. मला थंडी बाधते म्हणून मी बाहेर सोफ्यावर. चौथ्या दिवशी अशीच पडले होते, तर स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला. तांब्या भरेल इतका वेळ, मग बंद. मला वाटलं मृणाल उठली. पाच मिनिटांनी सहज गेले, तर कोणी नाही. मोरी ओली, आणि बाल्कनीच्या दारापर्यंत फरशीवर चार-पाच थेंब. मृणालच्या खोलीचं दार आतून लावलेलं.

मी थेंब पुसले. घरातल्यांना नाही सांगितलं. म्हाताऱ्या बाईनं नव्या घरात पाऊल टाकल्याबरोबर असलं काही बोलू नये, सुनेला राहायचं असतं तिथे.

प्रशांतला फक्त एवढं विचारलं, "जागेवाल्याला, राखणदाराला, नारळ दिलात का?"

"आई, भाड्याचं घर आहे. नारळ मालकानं द्यायचा ना?"

हे मला पटलं. आमच्याकडे नारळ मालकाचा आणि घरपट्टीही मालकाची. भाडेकरूनं भाडं द्यावं आणि वर्षाकाठी भिंतीला चुना मागावा.

"पण इथे घरपट्टी भाडेकरूच भरतो," मृणाल म्हणाली.

"आणि मालक?"

"मालक भाडं घेतो."

प्रशांतनं समजावलं. वर्षाच्या भाड्यावर शेकडा पाच, पालिकेची फी. पाणी आणि बत्ती ज्याच्या नावावर, त्याच्या माथ्यावर ती बसते. त्यांचं भाडं तीस हजार दिरहम, म्हणजे फी दीड हजार, म्हणजे गुणिले तेरा... मी आकडा ऐकून पदर तोंडाशी धरला. आमच्या लांज्याच्या घराची घरपट्टी दिवाबत्ती धरून ऐंशी रुपये, आणि त्यालाही आमचे हे दरवर्षी 'लुटतात' म्हणायचे.

"मग नारळही भाडेकरूनंच द्यायला हवा," मी म्हटलं. "घरपट्टी ज्याची, नारळ त्याचा."

दुसऱ्या दिवशी खालच्या ग्रोसरीतून केरळचा एक नारळ आणवला आणि उंबऱ्याशी ठेवून हात जोडले. तिथे उंबरा नसतो, पायपुसण्यावर ठेवला. संध्याकाळी पाहिलं, तर नारळ तसाच, पण बाहेरच्या बाजूला सरकवून ठेवलेला. कोणाचा पाय लागला असेल.

बायकांची रांग

मग प्रशांत करारावर शिक्का मारून घ्यायला निघाला आणि मला म्हणाला, "आई, तू चल." मला वाटलं दुबई दाखवतोय. तर तिथे सरकारी कचेरीत बायकांची रांग वेगळी असते. पुरुषांच्या रांगेत साठ माणसं असली तर बायकांच्या रांगेत चार. म्हणून पुष्कळ जण आई, बायको, बहीण, जी मिळेल ती बरोबर नेतात. माझ्यापुढे एक मद्रासी बाई होत्या, त्यांनाही जावयानं आणलं होतं. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. कधी नव्हे ते बाई असण्याचा भाव वधारला होता.

खिडकीत काळ्या बुरख्यातली एक तरुण मुलगी. हातभर मेंदी. हिंदी मोडकं, पण गोड.

"माँजी, यह घर में किराएदार है," ती संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

"हां, यह मेरा बेटा."

"बेटा नहीं. दत्ताराम शिगवण."

मी आणि प्रशांत एकमेकांकडे पाहायला लागलो. लांब वाळवंटात, अरबाच्या पोरीच्या तोंडून आपल्या गुहागर-चिपळुणाकडचं आडनाव.

प्रशांतनं सांगितलं, तो जुना भाडेकरू असेल, घर आठ महिने रिकामं होतं, आम्ही महिन्यापूर्वी आलो, एजंट म्हणाला पाणी-बत्ती सगळं चालू आहे, हबीबी, काळजी नको.

"पानी उसका नाम. बत्ती उसका नाम. फीस भी दिया, पूरा साल." तिनं बोट फिरवलं. "जिसका नाम, उसका घर. वो आएगा, नाम बंद करेगा, फिर तुम्हारा नाम."

"पण घर रिकामं होतं," प्रशांत म्हणाला. "खाली था, सिस्टर."

तिनं पडदा आमच्याकडे वळवला. महिन्यांच्या नावापुढे पाण्याचे आकडे. थोडेच, पण प्रत्येक महिन्याला. एकही महिना शून्य नाही.

"खाली घर पानी नहीं पीता, माँजी," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईचा कागद घेतला.

बाहेर आल्यावर प्रशांत म्हणाला, फ्लशची टाकी गळत असणार. मी हो म्हटलं. मग मी अडाण्यासारखं बोलले. मी म्हटलं, "अरे, तो भरतोय तर भरू दे ना. आपले दीड हजार वाचले." प्रशांत थांबला. "आई, त्याचं नाव आहे तोवर आपण त्या घरात राहतच नाही. कागदावर तिथे तो राहतो." मला कानशिलाशी गार लागलं. कागदावर तिथे तो राहत होता. आणि आम्ही कोण मग?

इमारतीच्या रखवालदाराला तिथे नातूर म्हणतात. आमचा नातूर म्हातारा पठाण होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. मी त्याला चहा नेऊन दिला आणि विचारलं, चाचा, आमच्या आधी घरात कोण यायचं-जायचं?

"कोई नहीं. चाबी मेरे पास थी."

"तुम्ही पाणी घालायचात का कुंडीला?"

"मैं अंदर नहीं जाता, माँजी. औरत का घर है."

"कुठली बाई?"

त्यानं कप खाली ठेवला. दत्तारामची बायको. गेल्या उन्हाळ्यात, घरात एकटी असताना, वारली. दार चाचानंच उघडलं होतं. एवढंच बोलला. 'घर था' नाही म्हणाला, 'घर है' म्हणाला. पठाणाचं हिंदी, मी मनाला सांगितलं.

सोनापूर, शुक्रवार

तोवर शिक्क्याला नऊ दिवस उरले. मृणालनं बॅगा कपाटावरून काढून पलंगाखाली ठेवल्या होत्या. उघडल्या नव्हत्या, पण काढल्या होत्या. प्रशांतनं शिगवणांच्या कंपनीला फोन लावून लावून पत्ता काढला. सोनापूर. आमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या त्याच पांढऱ्या इमारती. म्हणजे हा माणूस रोज संध्याकाळी त्या बसमधून आमच्या खिडकीसमोरून जात होता.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून प्रशांत आणि मी सकाळीच टॅक्सी केली. कॅम्पात बाई दिसत नाही, त्यामुळे मी उतरल्यावर अंगणातली माणसं बोलायची थांबली. शंभर चड्ड्या-बनियनी दोरीवर, दारादारांत चपलांचे ढीग, कुठेतरी फोडणीचा वास. मग एक दाढीवाला गडी पुढे आला.

"काकी, कोणाकडे? गाव कुठचा?"

"लांजा. दत्ताराम शिगवणांना भेटायचंय."

"लांज्याच्या काकी आल्यात रे," तो आत ओरडला, आणि दोन मिनिटांत मला खुर्ची, पाणी, आणि इतका गोड चहा की दात शिवशिवले. एक जण म्हणाला, "दत्तारामकडे पहिल्यांदाच पाहुणे. यल्ला दत्ताराम, लुंगी सोड, पँट घाल." सगळे हसले.

शिगवण आले. पंचावन्नचे असतील. साइटवर स्टोअर सांभाळायचे. केस नुकतेच ओले करून भांग पाडलेला. खोलीत बारा जणांचे पलंग, एकावर एक. त्यांच्या खालच्या पलंगावर आम्हाला बसवलं आणि बाकीची मंडळी आपणहून बाहेर गेली.

प्रशांतनं सगळं सांगितलं. व्हिसा, शिक्का, नऊ दिवस. "काका, तुम्ही फक्त सही करा. फीचे सगळे पैसे मी परत देतो."

"पैसे मी मागितले?" शिगवण शांतपणे म्हणाले. "राहा ना तुम्ही. मी भरतोय."

"पण तुम्ही तिथे राहत नाही."

"मी नाय राहत. मंडळी राहते."

प्रशांत माझ्याकडे पाहायला लागला. शिगवणांनी उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. बिलं. कंपनीच्या टपालपेटीत येणारी. नीट लावलेली, प्रत्येकावर पाण्याच्या आकड्याखाली निळ्या पेनाची रेघ.

"सुलभा," ते म्हणाले. बायकोचं नाव सुलभा. "मी रास अल खैमाला साइटवर होतो आठवडाभर. रोज फोन करायचो, मंगळवारी उचलला नाय. म्हटलं झोपली असेल. बुधवारी पण नाय. गुरुवारी आलो तर नातूर दारात. नळ चालू होता, अक्का. स्वयंपाकघरातला. तांब्या खाली पडलेला. दोन दिवस नळ चालू." त्यांनी त्या महिन्याचं बिल दाखवलं. त्याच्यावर रेघ नव्हती. "बॉडी गावी पाठवली. घर सोडायचं ठरवलं. चावी दिली. पाण्याचं बंद करायला जाणार, तेवढ्यात बिल आलं. रिकाम्या घराचं. पाणी लागलेलं. रोज एक तांब्या धरा, तेवढंच."

"टाकी गळत असेल," प्रशांत हळूच म्हणाला.

"असेल. मी कुठे नाय म्हणतो." त्यांनी बिलं परत लावली. "पण तुम्हीच सांगा अक्का, आपल्याकडे घरपट्टी ज्याच्या नावावर, घर त्याचं ना? मी नाव काढलं तर ती कोणाच्या घरात राहील? ह्या महिन्यात बिल बघितलं तर पाणी दसपट. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, तिच्याकडे पाहुणे आलेत."

ते पाहुणे आम्ही.

मला त्या माणसाला वेडा म्हणता येईना. आमचे सासरे जाऊन बावीस वर्षं झाली, हे जाऊन सहा. आमची घरपट्टी अजून सासऱ्यांच्या नावानं येते. ग्रामसेवक दरवर्षी म्हणतात, काकू नाव बदला. मी दरवर्षी म्हणते, पुढच्या साली.

म्हणून ती बाई तिथे नाही, असं मी म्हटलंच नाही. म्हटलं, "शिगवण, ती आहे असं धरू. मग माझी सून आणि नात तिच्याकडे पाहुण्या आहेत. तुम्ही सही केली नाही तर नऊ दिवसांनी त्या जातील. माझा मुलगाही एकटा तीस हजार देऊन राहणार नाही. दाराला परत कुलूप. ती परत एकटी. गेल्या उन्हाळ्यासारखी."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. तोंडातून गेलं. शिगवण बिलांच्या कडा जुळवत बसले. बाहेर कुणी तरी रेडिओ लावला होता, तो कुणीतरी बंद केला.

"पण अक्का," ते म्हणाले, "तुमच्या नावावर गेलं की बिल मला येणार नाय. तुम्ही दाखवलंत तरी तुमचं पाणी मिसळणार. त्यातलं तिचं कुठलं, मला कसं कळणार?"

प्रशांत उठून दाराशी गेला. मला एकदम कुंडी आठवली.

"तुमच्या बाल्कनीतला पानओवा आहे ना, त्याला आम्ही कोणी हात लावणार नाही. पाणी घालणार नाही. दर महिन्याला त्याचं पान तुम्हाला पाठवू. पान हिरवं आलं की समजा."

 शिगवण हळू आवाजात म्हणाले, "ओवा तिनं लावलेला. गावाहून फांदी आणलेली, ओल्या फडक्यात." मग विचारलं, "तो जिवंत आहे?"

"भरगच्च आहे."

"आठ महिने कुलूप होतं, अक्का."

 बिलांचं त्यांना माहीत होतं. ओव्याचं त्यांना माहीत नव्हतं.

"उद्या येतो सहीला," ते म्हणाले.

पाण्यावाचून एक दिवस

शनिवारी ते आले. सही केली. मी आग्रह केला म्हणून इमारतीपर्यंत आले, तिसऱ्या मजल्यावरही आले, पण पायपुसण्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही. मृणालनं पुढे येऊन नमस्कार केला. रेवा तिच्या मागून डोकावत होती.

"बाळा, पाणी देशील?" ते रेवाला म्हणाले. मृणाल फ्रिजमधली बाटली काढायला लागली, तर म्हणाले, "नळाचं. स्वयंपाकघरातलं."

रेवानं दोन्ही हातांनी पेला धरून आणला. ते उभ्यानं, एका दमात प्यायले. पेला परत देताना आत एकदाच पाहिलं, आणि जिना उतरून गेले. लिफ्ट होती, तरी जिन्यानं.

त्यांचं नाव बंद झालं तसं संध्याकाळी पाणी-बत्ती तोडून नेली. प्रशांतच्या नावानं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जोडून मिळणार होती. रात्र आम्ही शारजाला प्रशांतच्या मित्राकडे काढली. सकाळी प्रशांत कामावर गेला, मृणाल रेवाला शाळेत सोडून कागद घेऊन पालिकेत, आणि जोडणारा माणूस येईल म्हणून मी घरी. एसी नाही, पंखा नाही. नळ फिरवून पाहिले सगळे. एकातून नुसती हवा आली, एकातून तीही नाही. घरात माझ्या पिण्याची एक बाटली, तीही मी हातातून सोडली नव्हती.

बाराच्या सुमारास मी पदरानं घाम पुसत बाल्कनीच्या दाराशी बसले. ओवा समोर. माती वरून भुरकट, सुकलेली. मी मुद्दाम बोट लावून पाहिलं, कोरडी. मनात म्हटलं, बघ, पाणी तोडलं आणि हेही तोडलं. शिगवणांना काय पाठवू मी आता?

डोळा लागला असेल. पाच मिनिटं म्हणते, दहा असतील. जाग आली ती ओव्याच्या वासानं. कुंडीतली माती काळी झाली होती. कुंडीखालच्या बशीत पाणी होतं. मी हातातली बाटली वर धरून पाहिली. पाणी होतं तेवढंच होतं.

मी हललेच नाही. घाबरले का, तर हो, घाबरले. पण पळून जाण्यासारखी नाही. दुसऱ्याच्या घरी आपण बसलेलो असावं, घरची बाई तिच्या कामात असावी, आणि आपण उगीच मध्ये पाय येऊ नये म्हणून आवरून बसावं, तशी मी बसले. मग मोठ्यानं म्हटलं, स्वच्छ आपल्या भाषेत, कारण अरबी-इंग्रजी तिला कुठलं येणार, "सुलभाबाई, घरपट्टी आता माझ्या मुलाच्या नावावर लागायची आहे. त्यांनी सही केली. राग मानू नका. पोरगी लहान आहे."

  दोन वाजता जोडणारा माणूस आला, नळ खोकले आणि वाहायला लागले.

प्रशांतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला दव पडलं असेल, इथे समुद्राची दमट हवा. मी म्हटलं, भर बारा वाजता? तो म्हणाला, आई, आता शिक्का मिळतोय ना. शिक्का मिळाला. मुदतीला दोन दिवस राहिले असताना मृणाल आणि रेवाच्या पासपोर्टवर व्हिसा बसला, आणि मृणालनं बॅगा पलंगाखालून काढून परत कपाटावर टाकल्या. त्या दिवशी तिनं शिरा केला. पहिली वाटी भरून तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, नळाशेजारी ठेवली. 

लांजा

परत येऊन आता आठ महिने झाले. मृणाल दर महिन्याला एक पान पाकिटात घालून शिगवणांच्या कंपनीच्या टपालपेटीवर पाठवते. पान पोस्टात सुकत असेल, पण पानओव्याचा वास सुकला तरी जात नाही. शिगवणांचं उत्तर येत नाही. फक्त एका शुक्रवारी मृणालच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली सापडली, आत रेवासाठी खजूर आणि एक नवा, चकचकीत स्टीलचा तांब्या. तो कोणासाठी ते लिहिलेलं नव्हतं.

मागच्या रविवारी फोनवर मी मृणालला विचारलंच. "खरं सांग, ओव्याला पाणी तू घालतेस ना?"

"नाही आई, शपथ. मला वाटतं हे घालतात. मला बरं वाटावं म्हणून."

प्रशांतला वेगळं विचारलं. "मृणाल घालते," तो म्हणाला. "मी बोलत नाही एवढंच."

मग रेवा फोनवर आली. "नोबडी डज, आजी," ती म्हणाली. "इट्स जस्ट ऑल्वेज वेट." आणि शाळेचं सांगायला लागली.

ह्या मार्चात मी स्वतः ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक तिथेच बसले होते. म्हणाले, "काकू, आता तरी नाव बदला. अर्ज मी लिहितो, तुम्ही सही करा."

मी पेन हातात घेतलं. शिगवणांची सही आठवली, किती सावकाश केली होती त्यांनी. मग पेन खाली ठेवलं आणि ऐंशी रुपये दिले. पावती सासऱ्यांच्याच नावानं फाडून घेतली.

घरी आले. एरवी मी दार ढकलून तशीच आत शिरते. हल्ली पायरीवर, आत चाहूल लागावी म्हणून, चपला जरा वाजवून काढते, आणि मग आत पाऊल टाकते.